कच्छचा दोकडो: एका अर्धस्वतंत्र राज्याचा खुर्दा

अठराव्या शतकातला कच्छचा दोकडो, म्हणजे तांब्याचे एक लहान नाणे, हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा जाडजूडपणा. सुमारे आठ ग्रॅम वजनाचा हा तांब्याचा तुकडा धड गोल नसतो, त्याची कड कुठे चपटी तर कुठे चिरलेली असते आणि त्यावरचा मजकूर कधीच पूर्ण उमटलेला नसतो. एका बाजूला देवनागरीत ‘राउ श्री’ अशी अक्षरे आणि त्यांच्यालगत राजाच्या नावाचा काही भाग दिसतो. दुसऱ्या बाजूला फारसी वळणाच्या रेघा असतात, पण त्या इतक्या मोडक्या की फारसी उत्तम जाणणाऱ्यालाही मुळातला मजकूर आधी माहीत नसेल तर काही बोध व्हायचा नाही. त्या रेघा म्हणजे गुजरातचा शेवटचा सुलतान मुजफ्फरशहा तिसरा याचे नाव होय. हा सुलतान १५९२ च्या सुमारास मरण पावला. म्हणजे नाणे पाडले गेले तेव्हा त्याच्या मृत्यूला शंभर-दीडशे वर्षे होऊन गेली होती, त्याची सल्तनत मोगलांनी केव्हाच गिळली होती, आणि तरीही भुजच्या टांकसाळीत त्याच्या नावाचा ठसा तांब्यावर हाणला जात होता.

हे असे का, याचे उत्तर शोधताना कच्छसारख्या अर्धस्वतंत्र राज्याचा कारभार नेमका कसा चालत असे हे बरेचसे उलगडते.

जाडेजा घराण्याच्या पहिल्या खेंगारजींनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर कच्छ एका सत्तेखाली आणले आणि १५४९ च्या सुमारास भुजला राजधानी केली. त्या वेळी वरची सत्ता होती ती अहमदाबादच्या सुलतानांची. १५७२-७३ मध्ये अकबराने गुजरात जिंकले. मुजफ्फरशहा कैद झाला, पुढे निसटला, १५८३ मध्ये त्याने बंड करून काही काळ अहमदाबादही परत घेतले, आणि पराभवानंतर काठियावाडात व शेवटी कच्छात आसऱ्याला आला. गुजरातचा मोगल सुभेदार मिर्झा अझीझ कोका त्याच्या मागावर होता. त्याच्या दबावापुढे राव भारमलजींनी आपल्या आश्रयाला आलेल्या सुलतानाला मोगलांच्या स्वाधीन केले, आणि नेले जात असताना वाटेतच मुजफ्फरशहाने वस्तऱ्याने स्वतःचा गळा कापून घेतला. ज्या घराण्याने त्याला शत्रूच्या हाती दिले, त्याच घराण्याने पुढे दोनशेहून अधिक वर्षे त्याचे नाव आपल्या नाण्यांवर वागवले. इतिहासात असले विरोधाभास पुष्कळ असतात, पण ते इतक्या टिकाऊ धातूवर क्वचितच नोंदले जातात.

मोगलांचे आधिपत्य कच्छने मान्य केले असले तरी ते मुख्यतः नावापुरतेच राहिले. जहांगीर बादशहा गुजरातेत आला असताना, १६१८ मध्ये, वयोवृद्ध भारमलजी त्याच्या भेटीला गेले. या भेटीची नोंद खुद्द जहांगीरच्या आत्मवृत्तात आहे, आणि रावांच्या पूर्वजांपैकी कोणीही यापूर्वी बादशहाच्या दरबारी हजर झाले नव्हते हेही तीत सांगितले आहे. मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंना कच्छातून वाट द्यावी आणि त्याबदल्यात पेशकश, म्हणजे वरच्या सत्तेला द्यायची खंडणी, माफ व्हावी, अशी व्यवस्था त्या काळात झाली. पुढे जेव्हा अहमदाबादच्या सुभेदाराला पैशाची निकड भासे तेव्हा पेशकशीची मागणी पुन्हा डोके वर काढी. १७३० च्या सुमारास सरबुलंदखान याच कारणावरून फौज घेऊन भुजवर चालून आला, आणि राव देशलजींनी भुजिया डोंगरी किल्ल्याच्या आधाराने त्याला परतवून लावले. थोडक्यात, वरच्या सत्तेला मान द्यायचा, जमल्यास पैसे द्यायचे नाहीत, आणि घरचा कारभार मात्र पूर्णपणे आपल्या हाती ठेवायचा, असे हे अर्धे स्वातंत्र्य होते.

मुसलमानी राज्यपद्धतीत सार्वभौमत्वाच्या दोन उघड खुणा मानल्या जात: शुक्रवारच्या नमाजातील खुतब्यात ज्याचे नाव घेतले जाते तो, आणि ज्याचे नाव नाण्यावर असते तो. त्यामुळे एखाद्या मांडलिक राजाने फक्त स्वतःच्या नावाचे नाणे पाडणे म्हणजे वरच्या सत्तेला उघड आव्हान देण्यासारखे होते. आपल्याकडची शिवराई याच कारणामुळे इतकी ठसठशीत वाटते. तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढाच मजकूर आहे. बादशहाचे नाव नाही, सुलतानाचे नाही, फारसी अक्षर नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाने जे जाहीर केले तेच या नाण्याने तांब्यावर सांगितले. कच्छच्या रावांची भूमिका अशी नव्हती. त्यांना नाणे पाडायचे होते, पण कुणाला आव्हान द्यायचे नव्हते, आणि जो हयातच नाही अशा सुलतानाचे नाव या कामी फार सोयीचे होते.

तथापि केवळ राजकीय सोयीने सगळे उलगडत नाही, आणि माझ्या मते ते मुख्य कारणही नाही. गुजरातच्या सुलतानांची चांदीची नाणी, ज्यांना व्यापारी महमुदी म्हणत, ती सल्तनत बुडाल्यावरही पश्चिम किनाऱ्यावर दीर्घकाळ चालत राहिली. सुरतेत आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांचे सुरुवातीचे हिशेब बरेचसे महमुदीतच आहेत. बाजाराला जुन्या नाण्याची ओळख असली की त्याच रूपाचे नवे नाणे बिनतक्रार खपते, आणि रूप बदलले की प्रत्येक सराफ ते कसाला लावून पाहतो व वटाव, म्हणजे बदलून देण्याची कसर, कापतो. म्हणून आसपासच्या छोट्या राज्यांनी जुने रूपच उचलले. आजच्या नाशिक जिल्ह्यातील मुल्हेर येथे बागलाणचे राठोड राजेही महमुदी पाडत असत. सौराष्ट्रात नवानगरच्या जामांनी, पोरबंदरच्या राण्यांनी आणि जुनागढच्या राज्याने मुजफ्फरशहाच्या नाण्याचेच रूप घेऊन कोरी नावाचे चांदीचे नाणे चालवले, फक्त त्यावर नागरीत अनुक्रमे ‘श्री जामजी’, ‘श्री राणाजी’ आणि ‘श्री दिवान’ असे लिहिले. कच्छच्या कोरीवर ‘राउ श्री’ आले. मुजफ्फरशहाच्या मूळ नाण्यावरचे ९७८ हे हिजरी वर्ष, म्हणजे इसवी सन १५७०-७१, तेही जसेच्या तसे उचलले गेले आणि पिढ्यानपिढ्या तेच राहिले. त्यामुळे या नाण्यांवरचे वर्ष वाचून काळ ठरवायला जाणारा हमखास फसतो. ते वर्ष हा तारखेचा आकडा राहिलाच नव्हता, तो ठशाच्या नक्षीचा एक भाग झाला होता.

चांदीच्या कोरीच्या बाबतीत हे सारे पटण्यासारखे आहे, कारण कोरी व्यापाऱ्यांच्या हातात फिरत असे. पण तांब्याच्या नाण्याने बाजारातली भाजी, पणतीचे तेल आणि मजुरी यांचे व्यवहार व्हायचे. त्यावरचे फारसी वाचणारे गिऱ्हाईक मुळात थोडे होते, आणि म्हणूनच तांब्यावरची फारसी बाजू अधिकाधिक बिघडत गेली. ठसा कोरणारा कारागीर आधीच्या ठशाची नक्कल करी, तिच्या नकलेची पुढचा नक्कल करी, आणि काही पिढ्यांत अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या. नागरी बाजू मात्र वाचता येण्याजोगी राहिली. हा फरक नाण्यावर स्पष्ट दिसतो आणि त्यावरून ते कोणासाठी पाडले जात होते याचा अंदाज बांधता येतो.

आता या नाण्यांचा हिशेब पाहू, कारण कच्छचे कोष्टक आपल्या रुपये-आणे-पैशांच्या कोष्टकाहून वेगळे असूनही मोठे सुबक आहे. सर्वांत लहान नाणे त्रांबियो. दोन त्रांबिये म्हणजे एक दोकडो. तीन त्रांबिये, म्हणजेच दीड दोकडो, म्हणजे एक ढिंगलो. एका कोरीचे २४ दोकडे, ४८ त्रांबिये किंवा १६ ढिंगले होत. दीड दोकड्याचे नाणे पाहून आज विचित्र वाटते, पण ढिंगल्यामुळे कोरीचे सोळा भाग पडतात, आणि सोळा भागांत मोजायची सवय तर या देशाला जुनीच होती. रुपयाला जसा आणा, तसा कोरीला ढिंगलो. अर्धी कोरी आठ ढिंगल्यांची, पाव कोरी चार ढिंगल्यांची, आणि ज्याला तिसरा किंवा सहावा हिस्सा काढायचा असेल त्याच्यासाठी दोकडे आहेतच. ४८ या संख्येला २, ३, ४, ६, ८, १२, १६ आणि २४ या सर्वांनी निःशेष भाग जातो. ज्या बाजारात कागदावर हिशेब करणारे थोडे आणि तोंडी हिशेब करणारे पुष्कळ, तिथे याहून सोयीची संख्या सापडणे कठीण.

ही नाणी नुसत्या कोष्टकातच नव्हे तर तराजूतही एकमेकांशी जुळतात. त्रांबियो साधारण चार ग्रॅमचा, दोकडो आठ ग्रॅमचा, ढिंगलो बारा ग्रॅमचा. हाताने पाडलेल्या नाण्यांत थोडेफार इकडेतिकडे होतेच, पण प्रमाण कायम आहे. म्हणजे कोरीचा मोड कोणत्याही नाण्यांत घेतला तरी हातात सुमारे १९० ग्रॅम तांबे पडे. कोरी स्वतः सुमारे ४.७ ग्रॅमची, म्हणजे चांदीच्या एका भागासमोर तांब्याचे साधारण चाळीस भाग. तुलनेसाठी पाहा: अकबराच्या काळच्या हिशेबात एका रुपयाला चाळीस दाम धरत, आणि दाम हे तांब्याचे नाणे जवळजवळ २१ ग्रॅमचे असे, त्यामुळे ते प्रमाण सत्तरच्या पुढे जाते. सतराव्या शतकात तांबे महाग होत गेले आणि औरंगजेबाच्या काळात बादशाही टांकसाळींना तांब्याच्या नाण्याचे वजन २१ माशांवरून (मासा म्हणजे सुमारे एक ग्रॅमचे जुने वजन) १४ माशांपर्यंत खाली आणावे लागले. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पैशाचा हिशेब केला तर ६४ पैशांचे तांबे एका रुपयाच्या वजनाच्या सुमारे पस्तीस पट भरते. कच्छचा दोकडो या शेवटच्या आकड्याच्या बराच जवळ आहे.

या चाळीसपटीचा एक परिणाम असा की तांब्याचे नाणे फार दूर जाऊच शकत नाही. एक हजार कोऱ्या चांदीत न्यायच्या असतील तर पावणेपाच किलोंची थैली पुरते आणि ती माणूस कमरेला बांधून नेऊ शकतो. त्याच रकमेचे दोकडे न्यायचे म्हटले तर १९० किलो तांबे होते आणि त्याला एक उंट लागतो. उंटाचे भाडे, वाटेतले जकात नाके आणि शेवटी परमुलखातल्या सराफाचा वटाव यांत त्या रकमेतला मोठा हिस्सा खर्ची पडला असता. कच्छची तर भौगोलिक परिस्थितीही याला पूरक होती. उत्तरेला मोठे रण, पूर्वेला छोटे रण, दक्षिणेला आखात आणि पश्चिमेला समुद्र, त्यात पावसाळ्यात दोन्ही रणांत पाणी भरले की हा प्रदेश जवळजवळ बेटच होऊन जाई. त्यामुळे कोरीला पलीकडच्या व्यापाऱ्यांनी काय म्हणावे याची चिंता रावांना करावी लागे, दोकड्याबद्दल मात्र त्यांना फक्त आपल्याच रयतेची मान्यता पुरे होती. राज्याची हद्द नकाशावर कुठेही दाखवा, व्यवहारात ती तिथे संपत असे जिथे भुजचा दोकडो पूर्ण किमतीला घेणे दुकानदार नाकारू लागे. नवानगरच्या बाजूलाही दोकडो आणि त्रांबियो हीच नावे होती, पण ती टांकसाळ वेगळी होती, आणि नाव एक असले म्हणून सराफ दोन टांकसाळींचे तांबे डोळे मिटून एकास एक बदलून देत नसे.

मग प्रत्येक राजाने भरपूर खुर्दा का पाडला नाही, असा प्रश्न पडतो, कारण जुन्या काळात जवळपास सगळीकडे सुट्ट्यांची चणचण असे. याचे कारण टांकसाळीच्या कामातच आहे. तांब्याची लगड किंवा सळई तापवायची, तिचे ठरावीक वजनाचे तुकडे पाडायचे, ते ठोकून चपटे करायचे, तुकडा खाली पक्क्या बसवलेल्या ठशावर ठेवायचा, वरून दुसरा ठसा हाताने धरायचा आणि त्यावर घण हाणायचा. एक कोरी पाडायला जेवढे घाव तेवढेच एक दोकडो पाडायला, पण कोरीच्या किमतीचे दोकडे पाडायचे तर घाव चोवीसपट. मजुरी आणि कोळसा वाढतो, ठसे लवकर झिजतात, आणि हाती येणारी किंमत मात्र तेवढीच. चांदी घेऊन येणारा व्यापारी टांकसाळीला शुल्क देऊन आपल्या चांदीच्या कोऱ्या करून नेई, तर तांब्याचे नाणे पाडणे हे बहुतेक वेळा दरबारालाच अंगावर घ्यावे लागे. तांबेही फुकट येत नव्हते. गुजरातच्या बाजारात ते बऱ्याच अंशी समुद्रमार्गे येई, सुरतेला तर डच व्यापारी जपानी तांब्याच्या कांड्या आणून विकत, आणि जहाजे आली नाहीत की भाव चढे. भाव एवढा चढला की नाण्यातल्या तांब्याची किंमत नाण्याच्या किमतीहून वर गेली, तर तांबट नाणी वितळवून भांडी करी आणि बाजारातला खुर्दा आणखी आटे. उलट नाण्याचे वजन फार कमी ठेवले, तर लोक ते घेताना कुरकुर करीत आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांचे फावे. या दोन टोकांच्या मध्ये वजन ठेवणे हेच टांकसाळीच्या अधिकाऱ्याचे खरे कसब होते.

खुर्दा अपुरा पडला की लोक आपापली सोय करीत. तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकातल्या गुजरातेत इराणातून येणारे कडू बदाम सुट्ट्या पैशांसारखे वापरात असल्याचे लिहून ठेवले आहे आणि एका पैशाला पस्तीस ते चाळीस बदाम असा भावही दिला आहे. बदाम कडू असल्यामुळे मुले ते खाऊन टाकणार नाहीत, ही त्यातली मोठीच सोय. किनाऱ्याकडे कवड्याही चालत. अशा बाजारात त्रांबियोसारखे अर्ध्या दोकड्याचे नाणे दरबाराने पाडले यावरूनच त्याच्या गरजेची कल्पना येते.

कोष्टकात २४ दोकड्यांची कोरी असली तरी सराफाकडे प्रत्यक्षात नेहमी २४ च मिळत असे समजू नये. चांदी आणि तांबे या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांचे भाव वेगवेगळ्या कारणांनी हलतात. वहीत मांडायला २४ हा आकडा, आणि रोख मोड घ्यायला त्या दिवसाचा भाव, अशा दोन पातळ्यांवर व्यवहार चाले. आपल्याकडे पेशवाईतही असेच होते. ज्याचे उत्पन्न चांदीत आणि खर्च तांब्यात, त्याला या फरकाचा कधी लाभ होई तर कधी फटका बसे. मजुरी तांब्यात घेऊन धान्याच्या व्यापाऱ्याचे देणे चांदीत फेडणाऱ्या गरिबाला मात्र बहुधा फटकाच बसे, कारण दोन्ही वेळा भाव सांगणारा सराफच असे.

या नाण्यांवर रावाचे नाव पुरे का सापडत नाही, याचे उत्तर ठशाच्या आकारात आहे. ठसा नाण्याच्या तुकड्याहून मोठा असे, त्यामुळे ज्या ठिकाणी घाव बसला तेवढाच भाग उमटे. एका नाण्यावर ‘राउ श्री’ दिसते आणि नाव कडेबाहेर जाते, दुसऱ्यावर नाव दिसते पण ‘राउ’ गायब असते. पूर्ण मजकूर जुळवायचा तर एकाच ठशाची तीन-चार नाणी शेजारी ठेवावी लागतात. त्यात या घराण्यात नावे फिरून फिरून येतात. देशलजी दोन, गोडजी दोन, भारमलजी दोन, आणि दोन भारमलजींमध्ये तर दोनशे वर्षांचे अंतर. नुसते नाव वाचून कोणत्या राजाचे नाणे हे ठरत नाही, ठशातील चिन्हे, अक्षरांचे वळण, वजन आणि फारसी बाजू किती बिघडली आहे हे सगळे एकत्र पाहावे लागते. दोन राजांमधला फरक कधी एका चंद्रकोरीवर किंवा त्रिशुळावर येऊन ठेपतो.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र झपाट्याने बदलले. १८१९ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या भारमलजींना पदच्युत करून त्यांच्या अल्पवयीन मुलाला, दुसऱ्या देशलजींना, गादीवर बसवले. त्यांच्या नाण्यांवरून मुजफ्फरशहा अखेर गेला आणि त्याच्या जागी दिल्लीचा नामधारी बादशहा अकबर दुसरा व नंतर बहादूरशहा यांची नावे आली. खरी सत्ता कंपनीच्या हाती आणि नाण्यावर दिल्लीपती, असा हा मामला होता. १८५७ नंतर तीही गरज संपली. दुसऱ्या प्रागमलजींच्या नाण्यांवर फारसी लिपीत राणी व्हिक्टोरियाचे नाव आले आणि दुसऱ्या बाजूला नागरीत रावांचे राहिले. वरच्या सत्तेची जागा रिकामी कधीच ठेवली गेली नाही, फक्त त्या जागेवरचा माणूस बदलत गेला. मुजफ्फरशहाच्या नावाला जी सोय होती ती आता राहिली नव्हती, कारण आताचा वरिष्ठ जिवंत होता आणि भुजमध्ये त्याचा प्रतिनिधी बसलेला होता.

इतर बहुतेक संस्थानांनी हळूहळू आपापल्या टांकसाळी बंद करून इंग्रजी पैसा स्वीकारला, कच्छने मात्र कोरी आणि दोकडो सोडले नाहीत. यंत्रे आली, नाणी गोल आणि पातळ झाली, मजकूर पूर्ण उमटू लागला, विक्रम संवत आणि इसवी सन दोन्ही छापले जाऊ लागले. १९३६ मध्ये जेमतेम वर्षभरही राजा न राहिलेल्या आठव्या एडवर्डच्या नावाचीही नाणी कच्छने पाडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या सुमारास, मध्ये भोक असलेले त्रांबिये, दोकडे आणि ढिंगले निघाले आणि पाव व अर्ध्या कोरीची नाणीही तांब्यात आली. १९४७ नंतरच्या कोरीवर वरिष्ठ सत्तेच्या जागी ‘जय हिंद’ ही अक्षरे आहेत. १ जून १९४८ रोजी कच्छचा कारभार भारत सरकारकडे गेला आणि त्यानंतर तिथल्या बाजारातही भारतीय रुपया, आणे आणि पैसेच चालू लागले.